गाजर गवतावर मेक्सिकन भुंगा : सोडण्यापूर्वी, सोडताना आणि सोडल्यानंतर

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की बांधावर, रस्त्याच्या कडेला, गायरानात आणि शाळेच्या मैदानात गाजर गवत उगवून येते. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणते, कुणी चटक चांदणी. खुरपले तरी पुन्हा उगवते, जनावरे त्याला तोंड लावत नाहीत, आणि महिना-सव्वा महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी भरून जाते. एका जोमदार झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात. वारा, पाणी, ट्रॅक्टरची चाके, शेणखत, मुरमाचा ट्रक, जे मिळेल त्यावर स्वार होऊन हे बी पुढच्या शिवारात जाते.

या तणाचा बंदोबस्त करणारा मेक्सिकन भुंगा बहुतेक शेतकऱ्यांनी ऐकलेला असतो. अनेकांनी तो एखाद्या वर्षी आणून सोडलेलाही असतो. आणि मग ‘काही उपयोग झाला नाही’ असे म्हणून विषय संपतो. बऱ्याच ठिकाणी भुंगा चांगलाच असतो, चुकते ती जागा, वेळ आणि आपली अपेक्षा. फवारणीचा हिशेब आठ-दहा दिवसांत लागतो, भुंग्याचा तीन-चार पावसाळ्यांत. तो सोडून मोकळे व्हायचे नसते, त्याला वसवायचे असते. ते कसे, हे या लेखात क्रमाने पाहू.

परक्या तणावर परका कीटक का?

गाजर गवत मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या भागातले. आपल्याकडे 1955 मध्ये पुण्यात ते नोंदले गेले. बाहेरून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. मूळ देशात त्याची पाने कुरतडणारे, खोड पोखरणारे, बी खाणारे कीटक आहेत आणि त्याच्यावर पडणारे रोगही आहेत. त्यामुळे तिथे त्याच्या वाढीला आपोआप लगाम बसतो. इथे येताना ते एकटेच आले, त्याचे शत्रू मागे राहिले. आपल्या मातीतल्या कीटकांना ते रुचत नाही. मग उरतो एकच स्थायी उपाय : मायदेशातला त्याचा शत्रू शोधायचा, तो दुसऱ्या कशावर जगत नाही याची खात्री करायची आणि मगच इकडे आणायचा.

भारतात हे काम नवे नाही. 1795 मध्ये ब्राझीलहून एक कोशिनील कीटक रंगासाठी म्हणून आणला गेला. तो रंगाच्या कामाचा निघाला नाही, कारण तो हव्या असलेल्या कीटकाचा दुसराच भाऊबंद होता. पण त्याने उत्तर आणि मध्य भारतातला निवडुंग मोठ्या प्रमाणावर खाऊन टाकला. पुढे 1926 मध्ये त्याच कुळातला दुसरा कीटक श्रीलंकेतून मुद्दाम आणला गेला आणि दक्षिण भारतात माजलेला फड्या निवडुंग आटोक्यात आला. ऑस्ट्रेलियातली गोष्ट तर जगभर सांगितली जाते. तिथे कोट्यवधी एकर जमीन निवडुंगाखाली गेली होती. अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी काही वर्षांत ती मोकळी केली. क्वीन्सलंडमधल्या बूनार्गा गावात लोकांनी 1936 मध्ये त्या कीटकाच्या नावाने सभागृह उभारले.

आपला मेक्सिकन भुंगा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा, 1983 मध्ये मेक्सिकोतून बंगळुरूला आणला गेला. बंदिस्त प्रयोगशाळेत त्याच्यापुढे वेगवेगळी पिके आणि झाडे ठेवून चाचण्या झाल्या आणि 1984 पासून तो शेतात सोडला गेला. संख्या वाढून बंगळुरूच्या परिसरात त्याचे काम नजरेत भरायला तीन-चार वर्षे गेली. ज्या भागात त्याने गाजर गवत फस्त केले, तिथे आधी दडपल्या गेलेल्या अनेक वनस्पती पुन्हा उगवल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. आपल्या गायरानासाठी हीच गोष्ट सर्वांत मोलाची, कारण तण हटले की चाऱ्याचे गवत परत येते.

आधी भुंगा ओळखायला शिका

नवे भुंगे आणण्याआधी आपल्या शिवारात ते आहेत का, हे पाहा. महाराष्ट्रात अनेक भागांत ते आधीच पसरलेले आहेत.

प्रौढ भुंगा साधारण पाच-सहा मिलिमीटर लांब, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. पाठ मळकट पांढरी, तिच्यावर गडद तपकिरी उभ्या वेड्यावाकड्या रेघा, डोके तपकिरी. झाडाला धक्का लागला की तो पटकन खाली टपकतो, म्हणून जवळ जाताना हळू जा.

आता एक कोवळे झाड निवडा आणि त्याचे पान उलटे करा. खालच्या बाजूला पिवळसर-नारिंगी, लांबट, बारीक अंडी दिसतील, कधी एकेकटी, कधी छोट्या पुंजक्यात. चार ते सहा दिवसांत त्यांतून अळी निघते आणि ती थेट शेंड्याकडे सरकते. शेंड्याची आणि पानांच्या बगलेतली कोवळी कळी हे तिचे पहिले खाणे. भुंग्याचा खरा फायदा इथेच आहे. प्रौढ भुंगे पाने खातात ते डोळ्यांना दिसते, पण फुलोरा थांबवण्याचे काम या लहान अळ्या शेंड्यात बसून करतात. मोठ्या झाल्या की त्याही पाने खाऊ लागतात. दहा-पंधरा दिवसांत पूर्ण वाढलेली पिवळसर अळी खाली उतरते, मातीत शिरते आणि तिथे कोषात जाते. आणखी नऊ ते बारा दिवसांनी नवा भुंगा बाहेर पडतो. म्हणजे महिन्याभरात एक पिढी पूर्ण होते. मादी शेकड्यांनी अंडी घालते, म्हणून पावसाळ्यातल्या तीन-चार पिढ्यांत संख्या झपाट्याने वाढते.

पाऊस सरला, थंडी पडू लागली की भुंगे मातीत शिरून सुप्तावस्थेत जातात. साधारण नोव्हेंबरपासून पुढच्या जूनपर्यंत ते जमिनीत पडून असतात आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर वर येतात. पुढचे सगळे नियोजन या एका गोष्टीवर उभे आहे. ज्या जमिनीत भुंगा झोपलेला आहे, ती नांगरली की त्याची पुढची पिढी गेली.

जागा निवडताना

भुंगा वसवण्यासाठी पिकाचे शेत नको. तिथे आपण कोळपणी करतो, खुरपतो, फवारतो. जागा अशी हवी :

- निदान तीन वर्षे नांगर किंवा जेसीबी लागणार नाही अशी. गायरान, माळ, तलावाचा भराव, देवस्थानची पडीक जमीन, कॉलेजचे किंवा साखर कारखान्याचे रिकामे आवार चालेल.
- गाजर गवत दाट आणि कोवळे असलेली. फुलावर येऊन निबर झालेल्या झाडांवर भुंग्याला फारसे खाणे मिळत नाही.
- पाणी साचून न राहणारी. मातीतले कोष आणि सुप्त भुंगे पाण्याखाली टिकत नाहीत.
- शेजारच्या शेतातले कीटकनाशक वाऱ्याने उडून येणार नाही इतकी दूर. कपाशी, तूर, सोयाबीनवरच्या फवाऱ्यात भुंगाही मरतो.
- उन्हाळ्यात वणवा किंवा पाचट पेटवण्याची सवय नसलेली.

जागा सार्वजनिक असेल तर ग्रामपंचायतीला आधी सांगा आणि तिथे एक साधी पाटी लावा : ‘येथे गाजर गवतावर भुंगे सोडले आहेत. फवारणी करू नये, नांगरू नये.’ नाहीतर कुणीतरी चांगल्या हेतूनेच तिथे तणनाशक मारून जाते आणि वर्षभराची मेहनत पाण्यात जाते.

भुंगे कुठून आणि कसे आणावेत

दोन मार्ग आहेत. पहिला, राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या कीटकशास्त्र विभागाकडे किंवा जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळेकडे चौकशी करणे. राहुरी, परभणी, अकोला यांपैकी जवळच्या विद्यापीठाला किंवा जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राला जूनमध्येच मागणी कळवा. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय या विषयावर काम करते आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजर गवत जनजागृती सप्ताह होतो. त्या सुमारास भुंग्यांची मागणी वाढते, म्हणून आधी नोंदवलेले बरे.

दुसरा मार्ग स्वस्त आणि बहुधा अधिक चांगला. आपल्याच तालुक्यात जिथे भुंगे भरपूर आहेत तिथून ते वेचून आणायचे. तिथल्या पावसाला आणि उन्हाळ्याला ते सरावलेले असतात.

वेचणीसाठी सकाळची किंवा उन्हे उतरल्यानंतरची वेळ धरा. रुंद तोंडाची बरणी किंवा डबा झाडाखाली धरून फांदी हलकेच झटकली की भुंगे आत पडतात. झाकणाला बारीक भोके पाडा किंवा तोंडाला सुती कापड बांधा. आत गाजर गवताचे कोवळे, कोरडे शेंडे ठेवा, कारण ओल्या पाल्यावर वाफ धरते आणि भुंगे मरतात. डबा ठासून भरू नका, गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नका. शक्य तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सोडा.

एक काळजी माणसासाठी. गाजर गवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने अनेकांच्या त्वचेवर पुरळ येतो, कातडी काळवंडते, खाज थांबत नाही. परागकणांमुळे शिंका आणि दम्याचा त्रास होतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, नाकाला रुमाल हवाच. ज्यांना आधीच दमा किंवा त्वचेची ॲलर्जी आहे त्यांनी, आणि लहान मुलांनी, या कामात उतरू नये. शाळांच्या उपक्रमांतही मुलांकडून गाजर गवत उपटून घेऊ नये.

सोडणे

जुलै आणि ऑगस्ट हा सोडण्याचा खरा काळ. आषाढात सोडलेले भुंगे दसऱ्यापर्यंत दोन-तीन पिढ्या वाढवू शकतात. सप्टेंबरअखेरीस सोडले तर एखादी पिढी होते न होते तोच सुप्तावस्था येते. आदल्या वर्षी भुंगे असलेल्या जागेत मात्र पहिल्या पावसानंतर ते आपोआप वर येण्याची वाट पाहा.

एका जागी निदान 500 ते 1000 प्रौढ भुंगे सोडा. पन्नास इथे, पन्नास तिथे असे सगळ्या गावभर वाटू नका. विरळ झालेल्या नरमाद्या एकमेकांना भेटत नाहीत आणि थोडीथोडकी अंडी मुंग्या, कोळी आणि इतर शिकारी कीटकांच्या तोंडी जातात. एकाच कोपऱ्यात दाट वस्ती झाली की तिथले खाणे संपल्यावर भुंगे स्वतःच पुढे सरकतात.

दुपारचे ऊन आणि मुसळधार पाऊस टाळा. डबा उघडून भुंगे कोवळ्या झाडांच्या शेंड्यावर अलगद सोडा, सोबतचा पालाही तिथेच ठेवा, त्यावर अंडी असू शकतात. मध्यभागी एक खुंटी ठोकून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी नेमके कुठे पाहायचे ते कळेल.

सोडल्यानंतर

पहिल्या पावसाळ्यात फारसे काही दिसले नाही तरी हातपाय गाळू नका. खुंटीजवळ एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. दर पंधरा दिवसांनी त्यातली झाडे मोजा, किती फुलावर आहेत ते लिहा आणि मोबाइलवर एकाच कोनातून फोटो काढा. पाने उलटून अंडी आहेत का ते पाहा. सोडलेले भुंगे उडून गेलेले दिसले पण पानामागे अंडी सापडली, तर काम सुरू झाले असे समजा.

दुसऱ्या पावसाळ्यात जुलैमध्ये त्या जागेवर ताजे भुंगे दिसले तर वसाहत टिकली. नाही दिसले तर कारण शोधा : जमीन हलवली गेली का, पाणी साचले का, पेटवली गेली का. कारण दूर करून पुन्हा सोडा. वसाहत जोमात आली की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाडांची पाने जाऊन नुसत्या काड्या उभ्या दिसतात. तिथून भुंगे वेचून शेजारच्या गावाला द्या.

या काळात दोन चुका टाळा. पहिली म्हणजे भुंगे कामाला लागलेले असतानाच तो सगळा पट्टा उपटून टाकणे. असे केले की त्यांचे अन्न जाते आणि पानांवरची अंडी-अळ्याही जातात. दुसरी म्हणजे पाऊस संपल्यावर ‘आता भुंगे नाहीतच’ म्हणून ती जागा नांगरणे. ते तुमच्या पायाखाली जमिनीत असतात.

सूर्यफुलाची भीती

भुंगा उद्या पिकावर गेला तर, हा प्रश्न शेतकऱ्याने विचारलाच पाहिजे. 1991 च्या सुमारास कर्नाटकात हा भुंगा सूर्यफुलाची पाने खाताना आढळला आणि मोठी खळबळ उडाली. चौकशीसाठी समिती नेमली गेली आणि भुंगे सोडणे काही वर्षे थांबले. गाजर गवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले, त्यामुळे शंका रास्त होती. तपासात उलगडा असा झाला की सूर्यफुलाच्या पानांवर शेजारच्या गाजर गवताचे परागकण साचतात, त्यांच्या ओढीने भुंगे ते पान कुरतडतात. सूर्यफुलावर त्याची वसाहत होत नाही. पुढे बंदी उठली.

सूर्यफूल घेणाऱ्या शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सूर्यफुलाच्या नेक्रोसिस रोगाचा विषाणू गाजर गवतात लक्षण न दाखवता राहतो आणि त्याच्या परागकणांमधून, फुलकिड्यांच्या मदतीने पिकावर येतो. कपाशीवरचा पिठ्या ढेकूणही बांधावरच्या गाजर गवतावर तग धरतो. तेव्हा सूर्यफुलाला भुंग्यापेक्षा शेजारच्या गाजर गवताचाच धोका मोठा आहे. तरीही सूर्यफुलाच्या शेताला लागून भुंगे सोडू नका. बांधावरचे गवत फुलण्याआधी उपटा आणि भुंग्यांची वसाहत दूरच्या पडीक जागेत करा.

भुंगा जिथे पुरा पडत नाही

भुंगा पावसाळी आहे, गाजर गवत मात्र ओल मिळाली की बारा महिने उगवते. कालव्याच्या कडेला, उसाच्या बांधावर, सांडपाण्याजवळ रब्बीत उगवणारे गवत भुंग्याच्या तावडीतून सुटते. जमिनीत पडलेले बी वर्षानुवर्षे उगवत राहते. म्हणून जोडीला पुढची कामे हवीतच :

- पिकात आणि घराजवळ : पाऊस पडून जमीन ओली असताना, फूल येण्याआधी, मुळासकट उपटणे. फुलोरा येण्याआधीचे झाड कंपोस्टमध्ये चालते, बी धरलेले टाकू नका.
- पडीक जागेत : टाकळा, म्हणजेच तरोटा, दाट वाढू द्या. बी गोळा करून पावसाच्या तोंडावर फेकले तर त्याची गर्दी गाजर गवताला वर येऊ देत नाही.
- चारा आणि शेणखत बाहेरून आणताना : त्यात गाजर गवत नाही ना, ते पाहा. मुरूम-माती आणली की त्या जागेवर पहिल्या पावसात नजर ठेवा.

जलपर्णीसाठीही कीटक आहेत

उजनीच्या पाण्यावर, मुळा-मुठेत, पंचगंगेत जलपर्णी पसरलेली दिसते. तिच्यासाठी नियोचेटिना नावाचे दोन सोंडे भुंगे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आणले गेले. प्रौढ पानावर लहान चौकोनी ओरखडे काढतात, अळ्या देठ आणि गड्डा पोखरतात, आणि झाड हळूहळू खाली बसते. बंगळुरूच्या काही तलावांत आणि मणिपूरच्या लोकटक सरोवरात त्यांचा चांगला उपयोग झाला. पण तिथेही काही वर्षांचा धीर लागला. वाहत्या नदीत पुराबरोबर जलपर्णी आणि तिच्यावरचे भुंगे दोन्ही वाहून जातात, आणि सांडपाण्याच्या खताने जलपर्णी भुंग्यांच्या वेगाहून जास्त वेगाने वाढते. त्यामुळे हा उपाय गावतळी, पाझर तलाव अशा स्थिर पाण्यासाठी अधिक योग्य आहे. यंत्राने तळे साफ करताना भुंगे असलेला एक कोपरा राखून ठेवा, म्हणजे नव्या वाढीवर तेच पुन्हा चढतील. नदीसाठी मात्र सांडपाणी थांबवणे हेच मूळ काम आहे.

आपणहून परका कीटक कधीही आणू नका

हा सगळ्यांत महत्त्वाचा इशारा. परदेशातून किंवा ऑनलाइन कुणाकडून ‘तण खाणारा किडा’ मागवण्याचा मोह झाला तर तो तिथेच आवरा. कीटक आयात करायला केंद्र सरकारच्या पीक संरक्षण यंत्रणेची परवानगी लागते आणि बंदिस्त जागेत चाचण्या होतात. ही नियमांची अडवणूक नाही, या चाचण्यांमुळे आपण वाचलो आहोत. ऑस्ट्रेलियात गाजर गवताच्या खोडावर गाठी आणणारा एक पतंग यशस्वी ठरला होता. 1985 मध्ये तो भारतात आणला गेला, पण बंदिस्त चाचणीत त्याने कारळ्यावर आपले जीवनचक्र पूर्ण केले. कारळे हे आपल्या आदिवासी पट्ट्यातले तेलबियांचे पीक, म्हणून तो पतंग शेतात न सोडता तिथेच नष्ट करण्यात आला. ऑस्ट्रेलियात निवडुंग संपवणारा पतंगसुद्धा कॅरिबियन बेटांमार्गे 1989 मध्ये फ्लोरिडात पोचला आणि तिथल्या स्थानिक निवडुंगांच्या मुळावर उठला. एकदा सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही.

तपासून झालेला, चाळीस वर्षे आपल्या देशात असलेला मेक्सिकन भुंगा आपल्या हाताशी आहे. त्याचे काम मात्र एका शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. बी शिव ओलांडून येते, म्हणून वसाहतही गावाचीच हवी. या वर्षी जूनच्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवून घ्या : गावाची एक न नांगरायची जागा, भुंगे आणायची जबाबदारी घेणारी दोन माणसे, आणि दर पंधरवड्याच्या नोंदीची एक वही. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या आवारातले गवत फुलण्याआधी उपटायचे कामही मोठ्या माणसांनी त्याच दिवशी वाटून घ्यावे. तीन पावसाळे एवढे नेटाने केले तर गायरानात चारा परतायला सुरुवात होईल, आणि शेजारच्या गावाला देण्याइतके भुंगेही तुमच्याकडे असतील.